सहीआधी सातबारा

मैत्रिणींनो, निवडणूक आली की आपली किती विचारपूस होते! हळदीकुंकवाची बोलावणी, हातात वाण आणि ‘ताई, लक्ष असू द्या’. मतदानाच्या रांगेत बंगल्यातली बाई आणि तिच्याकडे भांडी घासणारी पाड्यावरची बाई एकामागे एक उभ्या असतात. दोघींच्या मताची किंमत सारखी. घरी परतल्यावर मात्र सारखं काय उरतं?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच विसंगती दाखवली होती. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, हे फार काळ चाललं तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा त्यांचा इशारा होता. स्त्रियांना वारसाहक्क देणारं हिंदू कोड बिल रखडलं, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. राजीनाम्याचं ते एक मोठं कारण होतं. आपल्यापैकी कितीजणींना हे ठाऊक आहे?

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. कायदा आपल्या बाजूने आहे. पण आमच्या वसई-विरारमध्ये वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, गुंठ्याला सोन्याचा भाव आला आणि लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या बहिणींना अचानक माहेरची आमंत्रणं येऊ लागली. जेवण, साडी आणि मग हक्कसोडपत्र. ‘सही कर गं, तुला काय कमी आहे?’ माहेर तुटू नये म्हणून ती करते. मंडळाच्या कामात अशा कितीतरी जणी भेटतात. पुढे नवरा गेला की भाड्याची खोली शोधत फिरतात. ख्रिस्ती भगिनींना तर १९२५ च्या कायद्यानेच मुलाबरोबरीचा वाटा आहे, तरी त्यांच्याकडूनही हेच ऐकते. आदिवासी बहिणीला हिंदू वारसा कायदा आपोआप लागूच होत नाही. मताचा हक्क तेवढा लागू!

‘तुझ्या लग्नात खर्च केला ना?’ हे ठरलेलं उत्तर. अहो, भावाच्या लग्नातही मांडव पडलाच होता की! त्याच्या वाट्यातून तो कुणी कापला?

हक्कसोडपत्राची नोंदणी झाली की मागे फिरणं फार अवघड. म्हणून सहीआधी सातबारा मागा, कागद घरी आणून वाचा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे मोफत सल्ला मिळतो आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.