फोटो टाकलेस ना कॉम्प्युटरवर?

आजी गेली तेव्हा हार घालायला फोटो हवा होता. मी आणि बाबा मुलुंडच्या एका स्टुडिओत गेलो. फॅमिली ग्रुपवर सापडलेला एकमेव बरा फोटो मी पेनड्राइव्हमध्ये नेला होता. कान्हेरीच्या पायऱ्यांवर आम्ही अकरा जण, सगळा फोटो १२८० बाय ९६० पिक्सेलचा आणि त्यात आजीचा चेहरा जेमतेम नव्वद पिक्सेल रुंद. स्टुडिओवाल्या काकांनी झूम केलं तर नाकाच्या जागी चौकोन दिसायला लागले. ते म्हणाले, "ओरिजिनल नाही का?" बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

ओरिजिनल होता. २००९ साली, बाबांच्या ७ मेगापिक्सेलच्या चंदेरी कॅमेऱ्यात, ३०७२ बाय २३०४ पिक्सेलचा. ग्रुपवर फिरत होती ती आत्याला ईमेल करण्यासाठी लहान केलेली प्रत. मूळ फोटो मी घालवला. मी तेव्हा सातवीत होतो आणि घरातला 'कॉम्प्युटरवाला' होतो. गणपती तोंडावर आले होते, २ जीबीचं कार्ड सहाशेच्या आसपास फोटोंनी भरलं होतं. बाबांनी विचारलं, "फोटो टाकलेस ना कॉम्प्युटरवर?" मी म्हणालो, "हो, टाकले." मी काय केलं होतं? फोल्डरवर राइट क्लिक, सेंड टू, डेस्कटॉप. डेस्कटॉपवर फोल्डर आला, उघडला, फोटो दिसले. झालं काम! ते कॉपी करणं नव्हतं, तो शॉर्टकट होता. कार्ड आत होतं तोवर फोटो दिसत होते. बाबांनी कार्ड फॉरमॅट केलं आणि गणपतीचे फोटो काढले. चार दिवसांनी मी आयकॉनवर क्लिक केलं तेव्हा कळलं.

यात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट मला इंजिनिअरिंगला गेल्यावर समजली. बहुतेक कॅमेऱ्यांत फॉरमॅट केल्यावर फोटो लगेच पुसले जात नाहीत, फाइल कुठे आहेत याची यादी तेवढी कोरी होते. कार्ड तिथल्या तिथे काढून ठेवलं असतं, तर फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रॅमने बरेच फोटो परत मिळाले असते. पण त्या जागेवर तोवर आरतीचे फोटो बसले होते.

आता तुम्ही म्हणाल, हे जुन्या जमान्याचं रडगाणं आहे, आता क्लाउड आहे. मला भांडायचंय ते नेमकं या वाक्याशी. कारण सातवीतल्या मुलाने अज्ञानातून जे केलं, तेच आज आपण सगळे शहाणपणा समजून करतोय. फोनमध्ये 'स्टोरेज वाचवा' चालू असतं तेव्हा गॅलरीत दिसते ती बऱ्याचदा छोटी प्रत असते, मूळ फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतो. म्हणजे शॉर्टकटच, फक्त देखणा! शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनमधून डिलीट केलं की तिकडूनही जातं. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो. याच सेवेने अमर्याद फुकट जागा देणं १ जून २०२१ पासून बंद केलं. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचं धोरणही गूगलने २०२३ मध्ये आणलं. माणूस गेल्यावर त्याचं खातं कोण वापरतं, सांगा बरं?

आणि ग्रुपवर टाकलेले फोटो? व्हॉट्सॅपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की तो आकसतो, आणि कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली नोंद गळून पडते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची नसते, ग्रुपवर आल्याची असते. आजीचा २००९ चा फोटो आमच्याकडे २०१८ च्या तारखेने पडून होता. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, पण दोन टॅप जास्त करायचा आपल्याला कंटाळा.

यात दोष आमच्या धंद्याचा आहे, हे मी कबूल करतो. घाटकोपरला लोकल सोडून मेट्रोने रोज अंधेरीच्या ऑफिसात जाणाऱ्या माझ्यासारख्यांनीच ठरवलं की वापरणाऱ्याला फाइल दिसता कामा नये. फोल्डर म्हणजे किचकट, तो लपवा. त्यामुळे आज इंजिनिअरिंग करून आलेला फ्रेशरसुद्धा "फाइल कुठे सेव्ह झाली?" विचारल्यावर "अ‍ॅपमध्ये" असं सांगतो. गंमत म्हणजे आम्ही स्वतःच्या कामाच्या डेटाला ३-२-१ चा नियम लावतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. हा नियम प्रसिद्ध केला पीटर क्रोघ नावाच्या छायाचित्रकाराने. कंपनीच्या लॉगला तीन प्रती आणि आजीला एकही नाही.

हल्ली तर जुन्या डिजिकॅमची फॅशन आलीय. चांगलं आहे, मलाही तो फ्लॅशचा रंग आवडतो. पण तुमच्यातले बरेच जण कार्ड रीडर फोनला लावतात, स्टोरीसाठी पाच फोटो उचलतात आणि कार्ड फॉरमॅट करतात. बाकीचे दोनशे? त्यातच तर मागे बसलेली माणसं असतात. आणखी एक. कार्डावरच्या डीसीआयएम फोल्डरची रचना १९९८ च्या जपानी मानकातून आली आहे. फाइलच्या नावात चार अक्षरं आणि चार आकडे. ९९९९ झालं की मोजणी पुन्हा ०००१ पासून. सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतत राहिलात तर एक दिवस कॉम्प्युटर विचारेल, 'रिप्लेस करू?' तुम्ही घाईत 'हो' म्हणाल आणि जुनी सहल नव्या बारशाखाली गाडली जाईल. बॅटरी संपून कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलं असेल तर सगळं एकाच एक जानेवारीला घडलेलं दिसेल, ते वेगळंच. म्हणून आधी कॉपी करा, कट नको. दर वेळी वेगळा फोल्डर. कार्ड बाहेर काढून चार-पाच फोटो उघडून बघा. दुसऱ्या डिस्कवर प्रत गेल्याशिवाय फॉरमॅटला हात लावू नका.

कागदी अल्बम तरी कुठे टिकले, असा प्रश्न आई विचारते. बरोबर आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ल्याच्या मावशीच्या तळमजल्यावरच्या घरात लग्नाचा अल्बम भिजून फुगला होता. पण मावशीला काय गेलं ते माहीत होतं. तिने एकेक फोटो सोडवून गच्चीवर वाळत घातला, तेरा वाचले. आपल्याला तर काय होतं याचाच पत्ता नसतो, मग वाळत काय घालणार?

मागच्या रविवारी तो चंदेरी कॅमेरा माळ्यावरून काढला. कार्डावर गणपतीपासूनचे साडेतीनशे फोटो निघाले. बाबा माणसांची नावं सांगत होते, मी फाइलींना देत होतो. मध्येच ते "थांब" म्हणायचे आणि पाच मिनिटं भलतंच काहीतरी सांगत बसायचे. जेवायची वेळ झाली तेव्हा आम्ही चाळीसाव्या फोटोवर होतो. आजी त्यातल्या दोनांत आहे, दोन्हींत मोदक वळताना, पाठमोरी. हार घातलेल्या फ्रेममध्ये अजून तोच नव्वद पिक्सेलचा चेहरा आहे, स्टुडिओवाल्या काकांनी जमेल तितका गुळगुळीत करून दिलेला. बाबा म्हणतात, ती अशी दिसायची नाही.