अ‍ॅलर्जी मासळीची, की दोष शीतपेटीचा?

गोमंतकीयांच्या जेवणात मासळीचे स्थान काय आहे, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र मासळी घरी येण्याची वाट आता बदलली आहे. सकाळी बाजारात जाऊन कल्ले उघडून पाहावेत, डोळे पारखावेत, मग भाव करावा, एवढी सवड पुष्कळांना उरलेली नाही. त्यापेक्षा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातील शीतपेटीतून रेशाद मसाला लावलेला बांगडा किंवा ट्यूना भरलेले सँडविच घेणे सोयीचे वाटते. या सोयीला माझा विरोध नाही. परंतु तिच्यासोबत येणाऱ्या एका धोक्याकडे आपल्या व्यवसायाचे पुरेसे लक्ष नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातील मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या वार्तेने गोव्यात खळबळ उडाली आणि काही दिवस परराज्यांतून येणारी मासळी थांबविण्यात आली. ती सावधगिरी योग्यच होती. पण मासळीतील विष म्हणजे बाहेरून घातलेले रसायन, एवढेच लोकांच्या मनावर ठसले. मासळीतच तयार होणारे विष मात्र दुर्लक्षित राहिले.

बांगडा, तारले, सुरमई, ट्यूना यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मुबलक असते. थंडावा खंडित झाला की मॉर्गनेला मॉर्गनीसारखे जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवितात. एकदा तयार झालेले हिस्टामिन तळून, शिजवून किंवा पुन्हा गोठवून नाहीसे होत नाही. मासळीला दुर्गंधी येईलच, असेही नाही. आणि मसाल्याच्या लेपाखाली रंग-वास पारखण्याची सोयही उरत नाही.

अशी मासळी खाल्लेल्या रुग्णाचा चेहरा बहुधा तासाभरातच लाल होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, अंगावर पित्त उठते. हिस्टामिनरोधक औषधाने त्याला आराम पडतो आणि कागदावर ‘मासळीची अ‍ॅलर्जी’ असा शेरा पडतो. या शेऱ्याने दुहेरी हानी होते. रुग्ण निष्कारण जन्मभर मासळीला मुकतो, आणि ज्या शीतपेटीने हा प्रकार घडविला ती दुसऱ्या दिवशीही तशीच चालू राहते.

खऱ्या अ‍ॅलर्जीची शक्यता प्रथम पडताळलीच पाहिजे. श्वास कोंडला वा रक्तदाब उतरला तर अ‍ॅड्रिनॅलिन देण्यास विलंब नको. परंतु रुग्ण सावरल्यावर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. कोणती मासळी खाल्ली व पूर्वी ती सोसत होती का? ती कोठून आणली? सोबत जेवलेल्या आणखी कोणाला त्रास झाला का? क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्या औषधाने हिस्टामिनचे विघटन मंदावते व त्रास अधिक होऊ शकतो.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ३५ अन्वये, अधिसूचना काढून एखाद्या भागातील डॉक्टरांना अन्नविषबाधेचे प्रकार कळविण्यास सांगता येते. अशा अधिसूचनेची आपण वाट का पाहावी? संशयास्पद प्रकार अन्न व औषध प्रशासनाला कळविणे आणि उरलेला तुकडा तपासणीसाठी थंड जपून ठेवण्यास सांगणे, एवढे कोणत्याही दवाखान्यातून होऊ शकते.

ग्राहकांनाही एक विनंती आहे. गोठविलेली मासळी उणे १८ अंशांवर आणि थंड तयार पदार्थ ४ अंशांपर्यंतच राहिले पाहिजेत. पाकिटात बर्फाचे खडे जमलेले दिसले, तुकडे एकमेकांस चिकटलेले असले, तर मासळी मध्येच वितळून पुन्हा गोठली असण्याचा संभव आहे. ती घेऊ नये. वीज गेली असता शीतपेटीचे काय करता, हे दुकानदाराला विचारण्यात संकोच कसला? बाजारात कल्ले उघडून पाहणाऱ्या आपल्या आजीने तो कधी बाळगला नव्हता.