अठराव्या वर्षानंतरचे काम : पुणेकर नागरिकांस आवाहन

पुणे शहर व परिसरातील कारखानदार, दुकानदार, संस्थाचालक आणि पालक यांस सविनय विनंती.

1964 साली सिंधूताई जोशी यांनी या शहरात ‘कामायनी’ची स्थापना केली, तेव्हा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठीही शाळा असावी ही कल्पना पुष्कळांना नवी वाटली असेल, आज तिचे कोणास नवल वाटत नाही, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तर 40 टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या प्रत्येक मुलास वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कच बहाल केला आहे. परंतु हा हक्क जेथे संपतो तेथे पुढची कोणतीही खात्रीची तजवीज नसल्यामुळे, वेळेवर उठणे, स्वतःचे आवरणे, सांगितलेले काम पुरे करून मगच जागेवरून उठणे, अशी जी शिस्त शिक्षकांनी अनेक वर्षांच्या सायासाने त्यांच्या अंगी बाणवलेली असते, ती घरी बसल्या बसल्या काही महिन्यांतच ओसरू लागते. विशेष शाळांशी निगडित असलेले आम्ही काही पालक, शिक्षक व नागरिक हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, आणि म्हणूनच हे निवेदन आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आमची मागणी अशी की कामाची ओळख शाळेच्या अखेरच्या दोन वर्षांतच व्हावी, आणि ती आपल्या प्रत्यक्ष कारखान्यात, दुकानात, उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात व्हावी. याचे कारण असे की शाळेच्या उद्योगशाळेत लखोटे बिनचूक चिकटवणारा मुलगा निराळे टेबल, यंत्रांचा आवाज आणि अपरिचित चेहरे यांच्यामध्ये तेच काम करताना पुष्कळदा गोंधळून जातो. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी लागू करणे हेच त्याला कठीण असते, सबब जेथे काम करावयाचे तेथेच ते शिकवणे इष्ट ठरते. हे शिकवणे अवघड नाही. भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यात दहा-दहा नटांच्या पुड्या भरावयाच्या आहेत आणि मुलास दहापर्यंत मोजता येत नाही असे समजा. दहा खळगे कोरलेली एक लाकडी फळी त्याच्यापुढे ठेवावी. प्रत्येक खळग्यात एक नट बसला, सर्व खळगे भरले, की ती फळी पिशवीत रिती करावयाची, एवढेच त्यास शिकवावे. प्रथम शिक्षिका त्याचा हात धरून करवून घेतात, पुढे नुसती बोटाने खूण करतात, मग शेजारी स्वस्थ उभ्या राहतात, आणि अखेरीस खोलीबाहेर जातात. फळी हाताशी असली की मोजणीची अडचण उरत नाही. बसच्या प्रवासाचेही असेच: आई आधी शेजारी बसते, मग मागच्या बाकावर, आणि मग केवळ थांब्यावर निरोप द्यायला येते.

दिवाळीच्या सुमारास या मुलांनी रंगवलेल्या पणत्या आणि भरलेल्या उटण्याच्या पुड्या आपण आपुलकीने विकत घेता, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण दिवाळी सरली की उद्योगशाळांतील मागणी रोडावते, आणि हंगामी खरेदीवर कोणाचा संसार उभा राहत नाही. या तरुणांचे नाव आपल्या हजेरीपटावर लागावे, इतर कामगारांस लागू असलेले वेतनाचे नियम त्यांनाही लागू व्हावेत, आणि महिनाअखेरीस पगार त्यांच्या स्वतःच्या हाती पडावा, हे आम्हांस कोणत्याही देणगीहून मोलाचे वाटते. आरंभी वेग कमी राहील, हे आम्ही लपवीत नाही. मात्र तेच ते काम दिवसभर एकाग्रतेने करण्याचा कंटाळा यांच्यापैकी कित्येकांना येत नाही, असे त्यांना शिकवणारे सांगतात.

सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षणात बौद्धिक दिव्यांगत्वाचा समावेश प्रथमच 2016 च्या कायद्याने झाला, हे खरे. तथापि पदासाठी लागणारी शैक्षणिक अर्हता ज्यांच्याजवळ नाही त्यांना त्या दारातून प्रवेश मिळणे दुरापास्तच आहे. त्यामुळे आमची भिस्त आपणा खाजगी धंदेवाल्यांवर अधिक आहे.

पालकांसही दोन शब्द. मूल 18 वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान ठरते, आणि आईबापांचे नैसर्गिक पालकत्व तेथे संपते. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात अथवा बहुविकलांगता असलेल्यांच्या बाबतीत पालकत्वाची गरज असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. तो अर्ज, दिव्यांगत्वाचे ओळखपत्र आणि बँकेतील खाते यांची व्यवस्था वेळीच करावी. आणि बाहेर कोणी हसेल, कोणी फसवेल, या भीतीने मुलाची वाट अडवू नये. ती भीती निराधार नाही हे आम्ही जाणतो, म्हणूनच प्रत्येक कामाच्या जागी एक जाणता सहकारी त्याच्यासाठी नेमून द्यावा असा आमचा आग्रह आहे. या सहकाऱ्याने एका वेळी एकच सूचना द्यावी, ती करून दाखवावी, आणि बावीस वर्षांच्या तरुणाला बाळ म्हणून हाक मारू नये.

जूनमध्ये शाळांचे नवे वर्ष सुरू होते. तत्पूर्वी आपल्या नजीकच्या विशेष शाळेच्या मुख्याध्यापकांना एक साधे पत्र लिहावे: आपल्याकडे कोणते काम आहे, आठवड्यातून कोणत्या दिवशी व किती तास एका विद्यार्थ्यास ते शिकता येईल, आणि त्याच्याकडे लक्ष देण्यास आपल्याकडील कोण राजी आहे. शाळेचे शिक्षक जागा पाहावयास येतील; आरंभीचे काही आठवडे ते विद्यार्थ्यासोबत थांबू शकतील अशी सोय शाळेशी बोलून ठरवावी.

आपले नम्र,
विशेष शाळांशी संबंधित काही पालक, शिक्षक व नागरिक, पुणे