पैशावर खटला आणि माणसाला शिक्षा

न्यायालयात आरोपी म्हणून माणूस उभा असतो, अशी जगभरची समजूत आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ‘संयुक्त संस्थाने विरुद्ध १,२४,७०० डॉलर’ अशा नावाचा खटला चालला आणि २००६ साली तेथील आठव्या विभागाच्या अपील न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. प्रतिवादी कोण, तर नोटांची पुडकी! नेब्रास्का राज्यातील हमरस्त्यावर पोलिसांनी एक मोटार अडविली व तीत ही रक्कम सापडली. मादक पदार्थ सापडला नाही. मोटार चालविणाऱ्याने रकमेविषयी प्रथम खोटे सांगितले हे खरे. परंतु त्याच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झाला नाही. रक्कम मात्र सरकारजमा झाली.

यालाच दिवाणी जप्तीचा कायदा म्हणतात. त्याची कल्पना अशी की, गुन्हेगार ती वस्तूच होय. मध्ययुगीन इंग्लंडात ज्या गाडीखाली माणूस चिरडला ती गाडी राजाची होत असे. पुढे चोरटा माल वाहणाऱ्या जहाजांना तोच न्याय लागला. वस्तूला नागरिकत्व नाही, म्हणून आरोपीस मिळणारी संरक्षणे तिच्या मालकास मिळत नाहीत. निःसंशय पुराव्याची अट नाही, आणि राहत्या घरासारखा एखादा अपवाद सोडला तर गरिबास सरकारी खर्चाने वकीलही नाही. हजार-दीड हजार डॉलर परत मिळविण्यासाठी वकिलास त्याहून अधिक द्यावे लागणार असतील तर गरीब मनुष्य काय करील? तो पैसे सोडून देतो, आणि दप्तरी नोंद होते की जप्तीस कोणी हरकत घेतली नाही.

हा जुनाट कायदा आज इतका कां फोफावला, याचे उत्तर १९८४ सालच्या दुरुस्तीत आहे. त्या वर्षी काँग्रेसने जप्तीचा पैसा केंद्रीय तपास-यंत्रणांच्या स्वतंत्र निधीत घातला आणि त्यांना साह्य करणाऱ्या स्थानिक पोलिसांस शेकडा ८० पर्यंत वाटा देण्याची सोय केली. ज्याने जप्त करावयाचे त्याच्याच खात्यात जप्तीचा पैसा! पाटलास दंडाचा हिस्सा मिळू लागला तर गावात निरपराध कोण उरेल, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. जप्तीची मोजदाद करणाऱ्या ‘इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस’ या संस्थेने २००० सालापासून किमान ६८.८ अब्ज डॉलर अशा मार्गांनी सरकारजमा झाल्याचे २०२० साली प्रसिद्ध केले.

तो पैसा कोणाचा होता? टेक्सासच्या पूर्व भागातील टेनाहा या लहानशा गावाच्या पोलिसांवर २००८ साली दावा दाखल झाला. हमरस्त्याने जाणारे प्रवासी, विशेषतः कृष्णवर्णीय व लॅटिनवंशीय, अडवून ‘रोकड लिहून द्या, नाहीतर खटला भरू, मुले ताब्यात घेऊ’ असे धमकावले जात होते, ही फिर्यादींची तक्रार होती. २०१२ साली तडजोड होऊन पोलिसांना नवे निर्बंध मान्य करावे लागले. फिलाडेल्फियात तर एका कुटुंबाच्या मुलाने ४० डॉलरचा मादक पदार्थ विकला म्हणून आईबापांना घराबाहेर काढण्यात आले. त्या शहराच्या सभागृहातील ४७८ क्रमांकाच्या दालनात अशी प्रकरणे चालत, आणि तेथे न्यायाधीश नसे; सरकारी वकीलच कामकाज चालवीत. न्यायाधीशाविना न्यायालय ही वस्तू आम्हांस जातपंचायतीमुळे परिचित आहे. लोकशाहीच्या जन्मभूमीत ती आढळावी याचे मात्र आश्चर्य वाटते. २०१८ साली त्या शहरालाही तडजोड करून ३० लक्ष डॉलरचा भरपाई-निधी देणे भाग पडले.

दुबळ्याच्या हातातील पैसा हाच त्याच्याविरुद्ध पुरावा, ही वृत्ती आमच्या ओळखीची आहे. शूद्राने धनसंचय करू नये व त्याचे धन ब्राह्मणाने निःशंकपणे घ्यावे, असे मनुस्मृतीच्या दहाव्या व आठव्या अध्यायांत सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास त्या ग्रंथाचे दहन झाले ते उगीच नव्हे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांनी मुक्त झालेल्या गुलामांसाठी ‘काळे कायदे’ केले. बेकार फिरणे हाही गुन्हा, त्यास जबर दंड, आणि दंड न भरल्यास सक्तीची मजुरी. त्या कायद्यांवर तोड म्हणून १८६६ चा नागरी हक्क कायदा आला. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४७ सालच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात अस्पृश्यांस विषम वागणुकीपासून संरक्षण देणारे कलम त्याच कायद्याच्या आधारे घातले. कायद्याच्या रीतसर प्रक्रियेवाचून कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता राज्याने हिरावू नये, ही मागणीही त्याच निवेदनात आहे. म्हणून अमेरिकेतील हा झगडा आम्ही परका मानीत नाही.

त्या झगड्यास यश येते, पण तुकड्यातुकड्याने. नवऱ्याच्या दुर्वर्तनापायी निरपराध पत्नीचा मोटारीतील हिस्सा गेला, तरी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते योग्य ठरविले. २००० सालच्या सुधारणा कायद्याने केंद्रीय प्रकरणांत पुराव्याचा भार सरकारवर टाकला व निरपराध मालकास बचाव दिला. २० फेब्रुवारी २०१९ रोजी त्याच न्यायालयाने एकमताने सांगितले की, अवाजवी दंडास असलेली बंदी राज्यांनाही लागू आहे. इंडियाना राज्यातील एका दोषी माणसाची ४२ हजार डॉलरची मोटार हिरावली गेली होती आणि त्याच्या गुन्ह्यास कमाल दंड होता १० हजार! निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी त्या ‘काळ्या कायद्यां’चे स्मरण दिले. परंतु ९ मे २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले की, मोटार जप्त झाल्यावर ती अडकवून ठेवणे योग्य की अयोग्य यासाठी स्वतंत्र प्राथमिक सुनावणी घटनेने आवश्यक नाही. मोलमजुरीस मोटारीने जाणाऱ्याने तोवर कामावर कसे जावे, याचा विचार त्यात आम्हांस दिसला नाही. पोलिसांचा वाटा काढून घेणाऱ्या विधेयकास २०२३ साली प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीने एकमताने संमती दिली; तरीही त्या काँग्रेसच्या मुदतीत ते कायदा झाले नाही.

आमच्या मते खरी गोम त्या वाट्यातच आहे. पुराव्याची अट कितीही कडक करा, घेणाऱ्याचे पोट जप्तीवर भरत असेल तर तो वाट शोधीलच. न्यू मेक्सिकोने २०१५ साली गुन्हा शाबीत झाल्यावाचून मालमत्ता घेण्यास बंदी केली आणि मिळणारा पैसा राज्याच्या सामान्य निधीत वळविला. तरी अल्बुकर्की शहराने मोटारी जप्त करण्याचा धंदा चालूच ठेवला. २०१८ साली केंद्रीय न्यायाधीशाने, जप्तीच्या उत्पन्नात कार्यक्रमाचा स्वार्थ गुंतला आहे म्हणून तो घटनाबाह्य ठरविला. नेब्रास्का व मेन ही राज्येही पुढे न्यू मेक्सिकोच्या वाटेने गेली. मादक पदार्थांच्या व्यापाऱ्यांची कंबर मोडण्यास ही जप्ती हवी, असे तिचे कैवारी म्हणतात. व्यापाऱ्यास दोषी ठरवा आणि मग त्याचे सर्व पाप-धन खुशाल घ्या. आमची हरकत नाही. ‘अदिन्नादाना वेरमणी’ हे शील घेणाऱ्याच्या अंगावर गणवेश आहे की नाही हे पाहत नाही.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या १०७ व्या कलमान्वये, मालमत्ता गुन्ह्यातून आली आहे असे तपास करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्यास सकारण वाटल्यास तो वरिष्ठांच्या मान्यतेने न्यायालयाकडे जप्ती मागू शकतो. मालकास खुलाशासाठी चौदा दिवस मिळतात. येथे पैसा पोलिसांच्या खात्यात जात नाही, तो पीडितांस व उरल्यास सरकारास जातो, हा भेद मान्य केलाच पाहिजे. पण पारध्याच्या पालात तोळाभर सोने सापडले तर त्याची पावती कोठून आणावी? गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. अशी नोटीस येईल त्याने चौदा दिवस वाया घालवू नयेत. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस, तसेच प्रत्येक स्त्रीस, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नोटीस हाती पडताच तालुका विधी सेवा समितीकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. गावोगावच्या विहार समित्यांनी हे कलम फलकावर लिहून ठेवावे.