जिद्दीची अर्धी गोष्ट



परिपाठात रोज एक बोधकथा सांगायची असते. ससा-कासव, लाकूडतोड्या, तहानलेला कावळा सगळे सांगून झाले की आपण खऱ्या माणसांच्या गोष्टींकडे वळतो. मीही वळले. केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा जवळ आल्या होत्या, म्हणून मी कॅरन स्मायर्स या अमेरिकन खेळाडूची गोष्ट निवडली.

तिचा खेळ ट्रायथलॉन. म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, आणि हे सगळं एका दमात. हवाईची आयर्नमॅन शर्यत तर ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं! मी मुलांना सांगितलं की १९९९ मध्ये या बाईंना थायरॉइडचा कर्करोग असल्याचं कळलं, तरी त्या हवाईत उतरल्या आणि दुसऱ्या आल्या. मग ऑपरेशन झालं, आणि पुढच्या मे महिन्यात त्या ऑलिंपिकच्या निवड शर्यतीतही उतरल्या. "बघा, याला म्हणतात जिद्द!" मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. गोष्ट छान रंगली म्हणून मी खूश होते.

त्याच रांगेत चौथीतली एक मुलगी बसली होती. तीन आठवड्यांपूर्वी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. सहा आठवडे पळापळ बंद, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि तिच्या आईने ते मला फोन करून कळवलेलं. तरी दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती लंगडीच्या सरावात उतरली. मी व्हरांड्यातून पाहिलं. खरं सांगते, मला कौतुकच वाटलं. थांबवलं नाही.

दुपारच्या तासाला ती पोटावर हात ठेवून वाकून बसलेली. "दुखतंय का गं?" "नाही मॅडम." रात्री घरी बघितलं तर जखम लाल झालेली, पाणी येत होतं. पुन्हा दवाखाना, पुन्हा औषधं, आणखी आठ-दहा दिवस घरी. सुदैवाने तेवढ्यावर निभावलं. पण तिच्या आईचा फोन आला तेव्हा मला बोलायला शब्द सुचेना. "मॅडम, ती म्हणते, ती बाई कॅन्सर असून पळाली, मग मला काय झालंय?"

चूक मुलीची नव्हती. तिने गोष्ट नीट ऐकली होती. मीच ती अर्धी सांगितली होती.

उरलेली अर्धी आता इथे सांगते. १९९७ मध्ये घरातल्या खिडकीची काच फुटून स्मायर्स यांच्या मांडीमागचा स्नायू कापला गेला. ऑपरेशन झालं, आणि तो हंगाम त्यांनी सोडून दिला. पुढच्या वर्षी त्या आई झाल्या, आणि त्याच वर्षी सायकलवर असताना ट्रकची धडक बसून बरगड्या मोडल्या. पुन्हा थांबणं आलंच. म्हणजे १९९९ च्या त्या शर्यतीआधी या बाईंनी घरी बसून किती दिवस काढले असतील, याचा आपण कधी विचारच करत नाही. थायरॉइडच्या कर्करोगाचे बहुतेक प्रकार सावकाश वाढतात, म्हणून काही आठवडे ऑपरेशन पुढे ढकलणं शक्य होतं. अपेंडिक्सच्या बाबतीत कोणी असं करून बघावं! प्रत्येक दुखण्याचं घड्याळ वेगळं असतं. वरचे टाके आठवड्याभरात निघतात, पण आतले थर जुळायला कितीतरी आठवडे लागतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. मुलांना वाटतं, टाके निघाले म्हणजे झालं. पालकांनाही तसंच वाटतं, आणि मलाही वाटलंच की!

आणि त्या मे महिन्यातल्या निवड शर्यतीचं पुढे काय झालं? त्या उतरल्या, शर्यत केली, पण संघात जागा मिळाली नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन पहिल्यांदाच आलं, आणि त्या तिथे नव्हत्या. हे मी वर्गात सांगितलंच नव्हतं. जिद्दीच्या गोष्टीत न जिंकलेली शर्यत बसत नाही ना!

आणखी एक प्रसंग तर मुलांना जरूर सांगावा असा आहे. १९९५ ची हवाईची शर्यत स्मायर्स यांनीच जिंकली. पण पुढे होत्या पॉला न्यूबी-फ्रेझर, ही शर्यत आधी सात वेळा जिंकलेल्या. स्मायर्स मागून गाठतायत म्हटल्यावर त्यांनी वाटेतल्या केंद्रांवर पाणी घ्यायला थांबणं टाळलं, आणि शेवटची रेषा काहीशे मीटरवर असताना रस्त्यातच कोसळल्या. बराच वेळ तिथे बसून, पडून, मग चालत त्या चौथ्या आल्या. तहान लागलीय हे शरीर सांगत होतं, ते ऐकलं नाही. आपल्या वर्गात पाण्याची बाटली तशीच परत नेणारी किती मुलं असतात, मोजून बघा.

माझं म्हणणं मुलांना घाबरट करा असं मुळीच नाही. उलट प्लास्टर निघून सहा महिने झाले तरी मुलाला मैदानावर न सोडणारे पालकही मी पाहिलेत. तेही चूकच. इंग्लंडच्या अॅलिस्टर ब्राउनली यांच्या घोट्याचं ऑपरेशन २०१५ मध्ये झालं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी ट्रायथलॉनचं सुवर्णपदक जिंकलं. शस्त्रक्रियेनंतर परत येता येतं, नक्की येतं. पण ऑपरेशन आणि पदक यांच्यामधल्या महिन्यांत रोज काय केलं जातं, तीच खरी गोष्ट आहे. किती चालायचं, कधी थांबायचं, कोणाला विचारायचं. आपण तेवढंच गाळतो, कारण ते कंटाळवाणं वाटतं.

पूर्ण हजेरीचं बक्षीस हा याच चुकीचा दुसरा प्रकार, असं माझं स्पष्ट मत आहे. तापातही शाळेत आलेल्या मुलाचं आपण टाळ्या वाजवून कौतुक करतो. मग "दुखतंय का?" विचारल्यावर "नाही मॅडम" शिवाय दुसरं उत्तर कसं येईल? आमच्या शाळेत हे बक्षीस बंद करावं असं मी बैठकीत सुचवलंय. एक सहकारी म्हणाले, "मग मुलं दांड्या मारतील." मारतील काही. तरी मला ते परवडेल.

आता ऑपरेशन किंवा मोठं आजारपण झालेल्या मुलाच्या पालकांकडून मी तीन गोष्टी वहीत लिहून घेते. काय करायचं नाही, कधीपर्यंत, आणि काय चालेल. तिसरी सगळ्यात उपयोगाची. ती मुलगी परत आल्यावर पुढचे तीन आठवडे लंगडीची वेळ मोजायचं काम तिच्याकडे दिलं. शिट्टी तिच्याच गळ्यात. आउट कोण झालं यावरून तिने मुलांशी इतकी भांडणं केली की विचारू नका.

परिपाठात मी स्मायर्स यांची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी सगळी. काच, ट्रक, घरी बसणं, हुकलेलं ऑलिंपिक, सगळं. मुलं पहिल्या वेळेइतकी रंगली नाहीत, हेही कबूल करते. एकाने मागून जांभई दिली. पण ती मुलगी तासानंतर टेबलाजवळ आली.

"मॅडम, त्यांच्या गळ्यावर पण खूण असेल ना?"

"असणारच गं."

मग ती मैत्रिणीला घेऊन कोपऱ्यात गेली, आणि दोघी मिळून तिच्या पोटावरची खूण बोटाने मोजत बसल्या.