वरोड्याचा कोळसा आणि सातबाऱ्याबाहेरची माणसे

शनिवार-रविवार जोडून सुटी आली की वर्धा-हिंगणघाटच्या मध्यमवर्गीय माणसाला चिखलदरा आठवतो, नाहीतर ताडोबाचा वाघ. आपल्या समाजातही आता दोन पिढ्या नोकरी करून स्थिरावलेला वर्ग तयार झाला आहे आणि तोही याच वाटेने जातो. जावे, त्यात गैर काही नाही. परंतु आम्ही पाच मित्रांनी (दोन वकील, दोन शिक्षक आणि एक बँकेतून निवृत्त झालेले) या वेळी वरोड्याला जायचे ठरवले, तेव्हा घरच्यांनी विचारले, तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पाहण्यासारखे काय, हे आजवर कुणी ठरवले, इथूनच तो सुरू होतो.

वरोडा चंद्रपूर जिल्ह्यात असले तरी त्याचा इतिहास वर्ध्याशी बांधलेला आहे. १८७१ च्या सुमारास इंग्रज सरकारने तिथे स्वतः कोळशाची खाण चालवायला घेतली. तो कोळसा बाहेर काढण्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोड्यापर्यंत सुमारे ४५ मैलांचा लोहमार्ग टाकला गेला. त्याचे नावच मुळी 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. आज सेवाग्राम स्थानकातून चेन्नईकडे धडधडत जाणाऱ्या गाड्या ज्या मार्गाने जातात, त्याचा पहिला तुकडा हाच. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ जोडले गेले आणि कोळशाची ही वाट दिल्ली-मद्रासचा राजमार्ग झाली. हिंगणघाटचा नामांकित कापूस आणि वरोड्याचा कोळसा जवळ आहे, हा हिशेब करूनच जमशेटजी टाटांनी नागपूर निवडले आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच काळात आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातातले जाडेभरडे कापड विणण्याचे काम गिरणीच्या कापडापुढे टिकेना. विदर्भातील महार समाजाची विणकरी मोडली आणि माग सोडून हा समाज गिरणीत, रेल्वेवर आणि खाणीत शिरला. तेव्हा वरोड्याची खाण ही आपल्या दृष्टीने दूरची गोष्ट नाही.

ती सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. पस्तीस वर्षे एका गावाच्या पोटातून कोळसा काढला, तो संपत आला, तेव्हा सरकार पुढे बल्लारपूरकडे सरकले. किती टन माल निघाला, किती खर्च झाला, हे गॅझेटियरात व्यवस्थित नोंदलेले असते. आत उतरून तो काढणाऱ्या माणसाचे नाव मात्र तिथे नसते. आम्हीही वरोड्यात दिवसभर फिरलो. खाणीत राबलेल्यांचे नाव सांगणारी एकही पाटी आम्हाला कुठे दिसली नाही.

वरोडा म्हटले की लोक आनंदवनात जातात. आम्हीही गेलो. हिंगणघाटचे मुरलीधर देवीदास आमटे हे आमच्याच व्यवसायातले, वरोड्यात वकिली केलेले. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. समाजाने हाकलून दिलेल्या माणसांनी तिथल्या खडकाळ जमिनीत जे उभे केले, त्याबद्दल आदरच आहे. पण आनंदवनाची सहल नेणाऱ्या शेकडो शाळांपैकी किती शाळा मुलांना सांगतात की याच गावात मध्य भारतातली एक जुनी कोळसा खाण होती?

दुसऱ्या दिवशी वरोड्याच्या पुढे भद्रावतीला गेलो. रेल्वे स्थानकावर अजूनही 'भांदक' हेच जुने नाव आहे. तिथली विजासन लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. डोंगरात सरळ आत जाणारा मार्ग, त्याच्या टोकाला बुद्धमूर्ती आणि दोन बाजूंना फुटलेले फाटे. चिनी भिक्खू ह्युएन त्संगने वर्णन केलेली कोसलची राजधानी ती हीच, असे कनिंगहॅमने मांडले होते. त्यावर विद्वानांत वाद आहेत आणि तो निकाल आपण घाईने देऊ नये. मात्र एवढे खरे की एकाच तालुक्याच्या जमिनीत भिक्खूंनी खोदलेला डोंगर आहे आणि कोळशासाठी उकरलेली जमीनही आहे. उन्हातून आत गेलो तर लेणीत गारवा होता. माजरीकडच्या उघड्या खाणींच्या रस्त्यावर मात्र मोटारीच्या काचा वर करूनही तोंडात काळी धूळ येत होती. या खोऱ्यातला कोळसा हवा लागली की आपोआप तापतो आणि पेट घेतो. त्याचा वास ज्यांच्या घरात रोज येतो त्यांना आपण काय सांगणार?

इथे बाबासाहेबांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. चंद्रपूर म्हटले की आपल्याला १६ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षा सोहळा आठवतो. पण जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणारे बाबासाहेब आपल्या व्याख्यानांत फार कमी येतात. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरियाच्या कोळसा क्षेत्रात गेले आणि स्वतः खाणीत उतरून पाहणी केली. लगेच जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर बसवायचा आणि त्या पैशातून कामगारांसाठी दवाखाने, पाणी आणि घरे उभी करायची, असे त्याचे सूत्र होते.

याच काळातली एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण आपले विरोधक ती अर्धवट सांगतात. स्त्रियांना जमिनीखालच्या कामावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये सरकारने ती उठवली आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्या निर्णयाचा बचाव मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांना करावा लागला. त्यांनी हा आणीबाणीचा उपाय आहे असे सांगितले आणि त्याच वेळी खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे तत्त्व ठासून मांडले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. ज्यांना यावर टीका करायची त्यांनी जरूर करावी, मात्र समान वेतनाची बाजूही सांगावी.

आता आजचा प्रश्न. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स आली आणि आपल्या अनेक घरांत पहिला कायम पगार आला. सार्वजनिक उद्योगात आरक्षण होते, म्हणून आला. पुढे माती काढण्याची आणि वाहतुकीची कामे कंत्राटदारांकडे गेली. जून २०२० पासून खाजगी कंपन्यांना व्यापारी खाणीसाठी कोळशाचे पट्टे लिलावाने देणे सुरू झाले. कंत्राटदाराला आरक्षण लागू नाही, खाजगी खाणमालकालाही नाही. उरते काय? जमीन गेली त्याला नोकरी. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरामागे एक नोकरी असा हिशेब आहे. म्हणजे ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे, त्याचा प्रश्न निदान टेबलावर तरी येतो. ज्याच्या बापाने आणि आज्याने मालगुजाराच्या शेतात जन्म काढला, त्याचे काय? मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण आपल्या वस्तीच्या वाट्याला त्यातली किती जमीन आली हे प्रत्येकाने आपल्या गावात मोजून पाहावे. शेत खाणीत गेले की शेतमालकाला धनादेश मिळतो आणि त्या शेतात राबणाऱ्या बाईचा रोज बुडतो. तिच्या नावाने साधी नोटीससुद्धा निघत नाही.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील बाधित कुटुंबाच्या व्याख्येत भूमिहीन शेतमजूर, कूळ आणि कारागीरही येतात. अट अशी की संपादनापूर्वी ३ वर्षे ते त्या भागात काम करीत असावेत आणि त्यांची मुख्य उपजीविका त्यामुळे बाधित झालेली असावी. कोळशासाठीची जमीन १९५७ च्या वेगळ्या कायद्याने घेतली जाते, हे खरे. तरीही २८ ऑगस्ट २०१५ च्या केंद्राच्या आदेशाने २०१३ च्या कायद्यातील मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी अशा संपादनालाही लागू झाल्या. आमच्या वकील बंधूंपैकी अनेकांना हा आदेश माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते बहुधा सातबारावाल्यांचे वकीलपत्र घेतात. फी तिथेच असते, हे नाकारून चालणार नाही.

दुसरे हत्यार जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकाला रॉयल्टीच्या प्रमाणात रक्कम जिल्ह्याच्या या निधीत भरावी लागते. जुन्या पट्ट्यांना ३० टक्के, १२ जानेवारी २०१५ नंतरच्यांना १० टक्के. त्यातला किमान ६० टक्के खर्च पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण अशा कामांवर व्हावा, असे त्या वर्षीच्या केंद्राच्या योजनेत ठरले होते. १९४४ चा बाबासाहेबांचा निधी आणि हा निधी यांचे नाते उघड आहे. फरक असा की आजच्या निधीवर डोळा ठेवणारे पुष्कळ आणि हिशेब मागणारे थोडे आहेत.

यासाठी मोर्चाची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रामसभेपूर्वी शेतमजूर कुटुंबांची यादी करावी. रोजगार हमीचे जॉबकार्ड, रेशनकार्ड, मतदार यादीतील नाव आणि ज्यांच्या शेतात काम केले त्यांचे लेखी म्हणणे, एवढे कागद जोडून ३ वर्षांची उपजीविका दाखवता येते. ही यादी ठरावासह ग्रामसेवकाकडे द्यावी, पोच घ्यावी आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी. माहिती अधिकारात आपल्या गावासाठी खनिज निधीतून मंजूर झालेल्या कामांची यादी मागवावी. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाहीत. परतताना हिंगणघाटला चहाला थांबलो तेव्हा आमच्यातल्या शिक्षक मित्रांनी अर्जाचा नमुना तयार करायचे अंगावर घेतले. कायद्याची कलमे त्यात घालण्याचे काम माझ्याकडे आले आहे.