आधी दात मोजा!
धर्माची गाय अन् दात का नाय, असं विचारू नये म्हणतात. लिनक्सवाले मात्र फुकट आलेल्या कोडचेही आधी दातच मोजतात. परवा लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, कोड कसा लिहावा याची नियमावली चाळली. टॅब ८ अक्षरांचा, आणि कोड ३ पायऱ्यांहून आत सरकला तर आधी प्रोग्रॅम सुधारा! कोड देणारा पगारी असो की हौशी, नियम एकच. मला हे शंभर टक्के पटतं. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, देणारा उद्या गायब होतो, निस्तरायचं कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरलाच. खाष्टपणा मात्र कोडपुरताच हवा. फटकळ बोलण्याबद्दल खुद्द लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्सनी २०१८मध्ये जाहीर माफी मागितली. पण नम्रपणे का होईना, ‘नाही’ म्हणायलाच हवं. भिडेखातर वाट्टेल तो पॅच घेणारा मेंटेनर सज्जन नव्हे, आळशी असतो.